सोनं होतं, बोल्ट नव्हते: स्पेनचं प्रजासत्ताक का हरलं

प्रश्न असा आला आहे: "१९३६ साली स्पेनमध्ये निवडून आलेलं सरकार होतं. राजधानी त्याच्याकडे, बहुतेक नौदल त्याच्याकडे, कारखाने त्याच्याकडे, जगातला चौथ्या क्रमांकाचा सोन्याचा साठा त्याच्याकडे. तरी ते बंडखोर जनरल फ्रँकोपुढे पावणेतीन वर्षांत हरलं. डाव्यांची आपसातली भांडणं नडली, हेच ना? की लोकशाही सरकार अशा युद्धात हरायचंच?"

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सव्वीस वर्षं लष्करात पुरवठ्याचं काम केलं: शिधा, इंधन, दारूगोळा आणि ते वाहून नेणारे ट्रक. निवृत्तीआधी काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना तेच शिकवलं. तिथे स्पेनची यादवी हा माझा ठरलेला धडा असायचा. कोण शूर होतं आणि कोण भेकड, हा विषय पूर्ण बाजूला ठेवला तरी या युद्धाचा निकाल बराचसा समजतो. दोन्हीकडे शूर माणसं भरपूर होती.

माझं मत आधीच सांगून टाकतो. भांडणं होती, आणि ती महागही पडली, पण ती मुळाशी नव्हती. जुलै १९३६ च्या पहिल्या चार-पाच दिवसांत सरकार जागेवर राहिलं आणि त्याच्या खालची यंत्रणा निखळली. ती पुन्हा जोडायला प्रजासत्ताकाला जवळपास वर्ष लागलं. त्या वर्षात समोरचा उधारीवर लढत होता आणि हे रोखीने. त्यातही रोख हातात धरून दुकानासमोर उभं राहिलं तरी दुकानदार माल द्यायला तयार नव्हता.

सुरुवात बंडाच्या आधीपासून करायला हवी. फेब्रुवारी १९३६ मध्ये 'पॉप्युलर फ्रंट' ही डाव्या आणि उदारमतवादी पक्षांची आघाडी निवडणूक जिंकली. सेनाधिकारी कट करताहेत ही कुजबुज सरकारच्या कानावर होतीच. सरकारने काय केलं? बदल्या! फ्रँकोला कॅनरी बेटांवर, गोदेदला बालेआरिक बेटांवर आणि मोलाला पाम्प्लोनाला पाठवलं. आपल्याकडे सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही ही शिक्षेची बदली कळेल. पण पाम्प्लोना म्हणजे नवारा प्रांत, राजेशाहीवादी कट्टर कार्लिस्टांचा बालेकिल्ला. त्यांच्याकडे स्वतःची कवायती फौज होती. कटाच्या सूत्रधाराला तिथे पाठवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. १९३२ मध्ये बंड करून फसलेला जनरल सान्हुर्हो तर फाशीतून सुटून, माफी मिळवून पोर्तुगालमध्ये आरामात बसला होता. कायद्याने चालणाऱ्या सरकारची ही जुनी अडचण आहे. संशयावरून कोणाला आत टाकता येत नाही आणि पुरावा हातात येतो तेव्हा तो बंदूक घेऊन आलेला असतो.

१७ जुलैला स्पेनच्या ताब्यातल्या मोरोक्कोत, मेलियाला बंड झालं, १८ ला ते मुख्य भूमीवर पसरलं. पंतप्रधान कासारेस किरोगा यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले मार्तीनेस बार्रियो यांनी मोलाला थेट फोन करून समेट करून पाहिला. मोला म्हणाला, आता उशीर झाला. त्यांचंही सरकार काही तासांत गेलं. १९ ला होसे हिराल आले आणि त्यांनी कामगार संघटनांना शस्त्रं द्यायला मान्यता दिली. एका दिवसात तीन पंतप्रधान!

शस्त्रांचा किस्सा आमच्या वर्गात हमखास सांगायचो. माद्रिदच्या शस्त्रागारात हजारो रायफली होत्या, त्या वाटल्याही गेल्या. पण बहुतेकांना बोल्ट, म्हणजे ज्याच्याशिवाय गोळी झाडता येत नाही तो भाग, नव्हते. रायफलीचा बोल्ट काढून वेगळीकडे ठेवणं ही चोरी आणि दंगलीविरुद्धची साधी खबरदारी आहे, आणि हे बोल्ट ठेवले होते मोंतान्या बराकीत. ती बराक बंडखोरांच्या ताब्यात. म्हणजे सरकारकडे काठ्या होत्या आणि बंडखोरांकडे त्यांच्या किल्ल्या. २० जुलैला लोकांनी आणि निष्ठावान पोलिसांनी ती बराक तोफा लावून फोडली, तेव्हा कुठे त्या रायफली झाडता येऊ लागल्या.

आणखी एक हुकूम त्याच दिवसांतला. ज्या पलटणींचे अधिकारी बंडात सामील आहेत, त्यांतल्या सैनिकांना सरकारने सेवेतून मोकळं केलं. हेतू उघड होता: शिपायाने बंडखोर साहेबाचं ऐकण्याची गरज नाही. पण बंडखोरांच्या मुलुखात हा हुकूम कोण वाचणार? तो पाळला गेला तो सरकारच्याच मुलुखात. पोरं बराकीतून निघाली आणि घरी गेली. मुख्य भूमीवरच्या फौजेची ढोबळमानाने निम्मी-निम्मी वाटणी झाली असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. सरकारच्या वाट्याचा निम्मा भाग असा विरघळला. मजेची गोष्ट म्हणजे सर्वांत वरच्या पदांवरचे बरेचसे जनरल सरकारशी प्रामाणिक राहिले होते. बंड उचललं ते मधल्या फळीने, मेजर-कॅप्टनांनी. आणि फौज रोजच्या रोज चालते ती त्यांच्याच जिवावर.

आता नौदल. बहुतेक जहाजांवर खलाशांनी अधिकाऱ्यांविरुद्ध उठाव केला आणि जहाजं सरकारकडे ठेवली. हे धाडसाचंच काम होतं. पण मग जहाज चालवणार कोण? अधिकारी कैदेत किंवा समुद्रात, आणि सगळा कारभार खलाशांच्या समित्यांकडे, म्हणजे बारभाईचा. इंधन घ्यायला जावं तर जिब्राल्टरमध्ये इंग्रजांनी दिलं नाही, तांजियरच्या आंतरराष्ट्रीय बंदरातूनही काढता पाय घ्यावा लागला. तरीसुद्धा सामुद्रधुनी काही काळ बंद राहिली आणि फ्रँकोची 'आफ्रिकेची फौज' मोरोक्कोत अडकली. ही स्पेनची एकमेव मुरलेली फौज होती: परकीय लीजन आणि मोरोक्कन 'रेगुलारेस', मिळून तीस-पस्तीस हजार. ती तिथेच अडकून राहिली असती तर बंड आवळून मारता आलं असतं, असं मला वाटतं. मोलाकडे उत्तरेत दारूगोळ्याचा तुटवडा होता. सान्हुर्हो २० जुलैलाच विमान कोसळून मेला होता.

फ्रँकोने माणसं जर्मनीला पाठवली. २५ जुलैच्या रात्री बायरॉइटमध्ये वाग्नरचा ऑपेरा पाहून परतलेल्या हिटलरला ती भेटली आणि त्याच रात्री मदत ठरली. वीस युंकर्स-५२ विमानं. मुसोलिनीने पहिल्या खेपेला बारा सावोया विमानं पाठवली. त्यातली तीन वाटेतच गेली, पण बाकीची पोचली. जुलैअखेरीपासून सैनिक विमानात खच्चून भरून सेव्हिलच्या बाजूला उतरायला लागले. जर्मन विमानांनी शरद ऋतूपर्यंत चौदा हजारांच्या आसपास माणसं आणि शेकडो टन सामान नेलं. एवढी मोठी फौज हवेतून नेल्याचं जगातलं हे पहिलं उदाहरण. पुढे खासगी गप्पांत हिटलर म्हणायचा की फ्रँकोने युंकर्सचं स्मारक उभारायला हवं. तो क्वचितच खरं बोलायचा. हे त्यातलं एक.

ही फौज उतरली आणि ऑगस्टमध्ये उत्तरेकडे निघाली. बादाहोस १४ ऑगस्टला पडलं, तालाव्हेरा ३ सप्टेंबरला. रस्त्यात समोर आले ते संघटनांचे स्वयंसेवक. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण लष्करी भाषेत ही खोगीरभरती होती. दिवसाला १० पेसेता पगार, अधिकारी मतदानाने निवडलेले. खंदक खणणं हे कमीपणाचं मानणारे कितीतरी जण. उघड्यावर उभं राहून लढायचं आणि बगलेवरून गोळीबार झाला की सगळ्यांनी एकदम मागे यायचं. बादाहोसला पकडलेल्यांच्या कत्तली झाल्या. सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये पळालेल्यांपैकी अनेकांना तिथल्या पोलिसांनी परत बंडखोरांच्या हवाली केलं. पोर्तुगालवर तेव्हा हुकूमशहा सालाझारची सत्ता होती. गोव्याच्या वाचकाला या माणसाची ओळख करून द्यायला नको.

आता माझ्या धंद्याचा भाग, म्हणजे खरेदी.

फ्रान्समध्ये लिऑन ब्लूमचं सरकार होतं, तेही पॉप्युलर फ्रंटचंच. आधी त्यांनी थोडी विमानं सोडली. मग लंडनचा दबाव आणि घरातला विरोध यांपुढे ऑगस्टमध्ये सीमा बंद केली आणि 'अहस्तक्षेपा'चा, म्हणजे स्पेनमधल्या कोणालाच शस्त्रं न देण्याचा, करार पुढे आणला. सत्तावीस देश त्यात आले. जर्मनी, इटली, पोर्तुगालही आले. करार मान्य करून सप्टेंबरमध्ये लंडनला समितीच्या बैठकीत बसायचं आणि त्याच आठवड्यात स्पेनला माल रवाना करायचा, असा तो प्रकार. १९३७ च्या वसंतात या समितीने समुद्रावर गस्त घालायचं ठरवलं, तेव्हा प्रजासत्ताकाच्या भूमध्य किनाऱ्यावरची गस्त दिली कोणाला? जर्मन आणि इटालियन नौदलाला. मी वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची. त्यांना वाटायचं साहेब थट्टा करताहेत.

मान्यताप्राप्त सरकारला बाजारातून शस्त्रं विकत घेण्याचा हक्क असतो, हा आंतरराष्ट्रीय रिवाज. अहस्तक्षेपाने तो हक्क काढून घेतला आणि सरकार व बंडखोर यांना एका पातळीवर आणलं. अमेरिकेने जानेवारी १९३७ मध्ये स्पेनसाठी वेगळा शस्त्रबंदी ठराव केला. तो लागू होण्याआधीच 'मार काँताब्रिको' हे जहाज विमानं आणि सामान घेऊन न्यूयॉर्कहून घाईघाईने निघालं. मार्चमध्ये ते बंडखोरांच्या 'कनारियास' या क्रूझरने पकडलं. मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी उघडपणे २०,००० रायफली पाठवल्या. उघडपणे मदत करणारा तो जवळपास एकटा देश.

मग सरकार कुठे गेलं? चोरबाजारात. आणि चोरबाजारात सरकारी खरेदी अधिकारी गेला की काय होतं हे मला नीट माहीत आहे. एकदा आमच्या डेपोत एका ठेकेदाराने पाठवलेल्या फॅनबेल्टच्या पेट्या आल्या. आकार जवळपास बरोबर. ट्रकला लावल्या की पन्नास किलोमीटरवर तुटायच्या. आमच्या मागे न्यायालय, ऑडिट, दुसरे चार ठेकेदार होते; पेट्या परत गेल्या. स्पेनच्या खरेदीदाराला हे काहीच नव्हतं. मध्यस्थ, लाच, खोटी कागदपत्रं, आगाऊ पैसे आणि शेवटी जे येईल ते. पोलंडने आपली जुनी शस्त्रं चढ्या भावाने खपवली. रशियाच्या पहिल्या खेपांतसुद्धा १८७० च्या काळातल्या, एकेक गोळी भरायच्या रायफली होत्या. त्यांना गोळ्याही मोजक्याच. एकाच ब्रिगेडमध्ये तीन-चार प्रकारच्या बंदुका असल्या की प्रत्येकीला वेगळी गोळी, वेगळे सुटे भाग, वेगळा कारागीर. चुकीची पेटी चुकीच्या टेकडीवर पोचली की ती टेकडी गेली. कागदावर गोळ्या दहा लाख असतात आणि खंदकात शून्य.

सोन्याची गोष्ट इथेच येते. बँक ऑफ स्पेनच्या साठ्यातला सुमारे पाव भाग पॅरिसला विकून परकीय चलन उभं केलं. उरलेलं बहुतेक सोनं, सुमारे ५१० टन, ७,८०० पेट्यांतून २५ ऑक्टोबर १९३६ ला कार्ताहेनाहून चार सोव्हिएत जहाजांत चढवून ओडेसाकडे रवाना केलं. तेव्हाचे अर्थमंत्री हुआन नेग्रीन. फ्रँकोच्या प्रचारात ही 'मॉस्कोने केलेली लूट' झाली आणि अजूनही ते ऐकू येतं. माझं मत वेगळं आहे. इंग्रज आणि फ्रेंच बँका प्रजासत्ताकाचे व्यवहार अडवत होत्या, शत्रू माद्रिदच्या वेशीवर येत होता, आणि शस्त्रं विकणारा एकच मोठा दुकानदार उरला होता. पण एकाच दुकानदाराकडे सगळे पैसे आगाऊ ठेवले की भाव तो ठरवतो, माल तो ठरवतो, आणि हळूहळू घरात कोणी काय बोलावं हेही तोच ठरवतो. रशियाचे टी-२६ रणगाडे आणि लढाऊ विमानं आली नसती तर माद्रिद १९३६ च्या नोव्हेंबरमध्येच गेलं असतं. त्याच जहाजांतून स्टॅलिनचे गुप्त पोलीसही आले.

फ्रँकोकडे सोनं नव्हतं, त्याच्याकडे पत होती. जर्मनीने व्यवहारासाठी खास कंपन्या काढल्या आणि वसुली खनिजांत केली. इटलीने तर ७० हजारांहून जास्त सैनिक, शेकडो विमानं आणि तोफा उधारीवर दिल्या. त्याची परतफेड युद्ध संपल्यावर सवलतीने, कित्येक वर्षं चालली. तेलाचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. अमेरिकेच्या टेक्साको कंपनीचा करार स्पेनच्या सरकारी तेल कंपनीशी होता. बंड झाल्यावर टेक्साकोचे प्रमुख टॉर्किल्ड रीबर यांनी टँकर बंडखोरांकडे वळवले आणि तेल उधारीवर दिलं. अमेरिकी कायद्याने तेल विकायला बंदी नव्हती, उधार द्यायला होती. कंपनीला मामुली दंड झाला. फोर्ड, जनरल मोटर्स, स्टुडबेकरचे मिळून बाराएक हजार ट्रकही फ्रँकोला मिळाले. विमानांचे फोटो पुस्तकांत छापले जातात, ट्रकांचे नाही. पण एका आघाडीवरून दुसऱ्या आघाडीवर फौज आठवड्यात हलवायची असेल तर ट्रक आणि पेट्रोल लागतं. फ्रँकोला हे पूर्ण युद्धभर जमलं आणि प्रजासत्ताकाला क्वचितच.

आता भांडणांकडे येतो, कारण प्रश्नात तोच भर आहे.

प्रजासत्ताकाच्या बाजूला उदारमतवादी होते, समाजवाद्यांचे दोन गट होते, अराजकवादी होते, कम्युनिस्ट होते, स्टॅलिनविरोधी 'पोउम' होता, शिवाय कातालान आणि बास्क. क्रांती आधी की युद्ध आधी, हा वाद. मे १९३७ मध्ये बार्सेलोनाच्या टेलिफोन एक्सचेंजवरून रस्त्यावर लढाई पेटली आणि चार-पाच दिवसांत शेकडो मेले. पंतप्रधान लार्गो काबायेरो गेले, नेग्रीन आले. पोउमचे नेते आंद्रेउ निन यांना सोव्हिएत हस्तकांनी उचलून ठार केलं. हे सगळं खरं आणि लाजिरवाणं आहे.

पण फ्रँकोच्या बाजूला तरी एकमत होतं का? फालान्हेवाल्यांना नवी फॅसिस्ट राजवट हवी होती, कार्लिस्टांना त्यांचा राजा, इतर राजेशाहीवाद्यांना वेगळा राजा, धर्मगुरूंना जुनी चर्चसत्ता. एप्रिल १९३७ मध्ये फ्रँकोने एका फर्मानाने फालान्हे आणि कार्लिस्ट एकत्र केले, कुरकुर करणाऱ्या फालान्हेच्या नेत्याला, एदीयाला, तुरुंगात टाकलं, आणि विषय संपवला. ते जमलं कारण त्याच्याकडे आधीपासून एक अखंड फौज होती आणि पक्ष तिच्या मागे बांधलेले होते. प्रजासत्ताकात आधी पक्ष होते आणि फौज त्यांच्यातून शिवायची होती. म्हणजे भांडण हे दोन्हीकडचं. ते मिटवायची यंत्रणा एकीकडेच. फ्रँकोला प्रतिस्पर्धी नेताही उरला नव्हता. सान्हुर्हो गेला, फालान्हेचा संस्थापक होसे अँतोनियो याला प्रजासत्ताकाने नोव्हेंबर १९३६ मध्ये गोळ्या घातल्या, मोला जून १९३७ मध्ये विमान अपघातात मेला. नशीब म्हणा.

एका बाबतीत मात्र प्रजासत्ताकाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. यंत्रणा निखळलेल्या त्या पहिल्या महिन्यांत त्याच्या मुलुखात समित्या आणि टोळ्यांनी माणसं मारली, त्यात सुमारे सात हजार पाद्री, भिक्षू आणि नन्स. बंडखोरांनी त्यांच्या मुलुखात याहून कितीतरी जास्त मारले, आणि ते वरून आलेल्या धोरणाने. पण लंडनच्या क्लबात आणि जगभरच्या कॅथलिक घरांत पोचली ती जळालेल्या चर्चची छायाचित्रं. मान्यताप्राप्त सरकार आपल्या राजधानीतला खून थांबवू शकत नाही असं दिसलं की त्याला शस्त्रं विकू नयेत म्हणणाऱ्याला आयतं कारण मिळतं.

आणखी एक चुकलेली खेळी, जिच्याकडे भारतीय वाचकाचं लक्ष आधी जाईल. फ्रँकोची सर्वांत कामाची माणसं मोरोक्कोची. युद्धभरात सत्तर-ऐंशी हजार मोरोक्कन त्याच्यासाठी लढले. प्रजासत्ताकाने मोरोक्कोला स्वातंत्र्याचं किंवा निदान स्वायत्ततेचं वचन दिलं असतं तर? दिलं नाही. शेजारच्या मोरोक्कोवर फ्रान्सची सत्ता होती आणि फ्रान्सला दुखवायचं नव्हतं. ज्या फ्रान्सने सीमा बंद केली, त्याला! शिवाय खुद्द डाव्यांनाही वसाहतीतल्या माणसाबद्दल फारसं वाटत नव्हतं. त्यांच्या भित्तिपत्रकांतला 'मूर', म्हणजे मोरोक्कन, हा राक्षसच असायचा.

असं असूनही १९३६ च्या हिवाळ्यात माद्रिद टिकलं. ६ नोव्हेंबरला सरकार व्हॅलेन्सियाला निघून गेलं, मागे राहिले जनरल मियाहा आणि त्यांचे कर्मचारीप्रमुख विसेन्ते रोहो. शत्रूच्या एका मेलेल्या अधिकाऱ्याच्या खिशात हल्ल्याचा आराखडा सापडला. रोहोने त्याप्रमाणे रात्रीत फौज हलवली. मार्च १९३७ मध्ये ग्वादालाहाराला इटालियनांचा सपाटून पराभव झाला. तेव्हा 'लोकशाही सरकार हरायचंच' हे मला मान्य नाही.

वर्षभराने फौज खरोखर उभी राहिली, पण तोवर उत्तरेचा मुलुख गेला होता. बिल्बाओभोवतीच्या 'लोखंडी पट्टा' नावाच्या तटबंदीचे नकाशे घेऊन ती बांधणारा इंजिनिअर गोइकोएचेआ शत्रूला जाऊन मिळाला. २६ एप्रिलला जर्मन विमानांनी बास्क शहर ग्वेर्निका जाळलं, १९ जूनला बिल्बाओ पडलं, ऑगस्टमध्ये सांतांदेर, ऑक्टोबरमध्ये हिहोन. बास्क लोखंड-पोलाद आणि अस्तुरियाचा कोळसा, दोन्ही एकदम फ्रँकोकडे. माझ्या हिशेबाने युद्धाचा काटा इथे फिरला, बार्सेलोनाच्या रस्त्यांवर नाही.

यापुढचा दोष मी रोहो आणि नेग्रीन यांनाही देतो. ब्रुनेते, बेल्चिते, तेरुएल, एब्रो: प्रत्येक वेळी तीच चाल. अचानक हल्ला, पहिल्या दोन-तीन दिवसांत सुंदर यश, मग राखीव माल संपतो, फ्रँको ट्रकांनी तोफा आणून लावतो, आणि महिनाभर त्याच जमिनीसाठी माणसं झिजतात. तेरुएलवर डिसेंबर १९३७ च्या कडाक्याच्या थंडीत हल्ला केला, जानेवारीत ते पूर्ण घेतलं, फेब्रुवारीत गमावलं. तिथे झिजलेल्या फौजेवर मार्चमध्ये आरागोनात हल्ला आला आणि आघाडी फाटली. १५ एप्रिल १९३८ ला शत्रू विनारोसला समुद्रावर पोचला. प्रजासत्ताकाचे दोन तुकडे.

त्या पळापळीत गांदेसाजवळ, प्रजासत्ताकाकडून लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमधल्या ब्रिटिश बटालियनचे बरेच लोक पकडले गेले. त्यांत 'जॉन स्मिथ' नावाचा एक सैनिक होता: नागपूरचे गोपाळ मुकुंद तथा बाळाजी हुद्दार. डॉ. हेडगेवारांचे एके काळचे सहकारी, संघाचे पहिले सरकार्यवाह. लंडनला शिकायला गेले आणि तिथून थेट आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्याच्या जुन्या मठात त्यांनी काही महिने कैद काढली, सुटून परतले आणि कम्युनिस्ट चळवळीत गेले. नागपुरातसुद्धा हे फार लोकांना ठाऊक नसतं. त्याच वर्षी जूनमध्ये नेहरू बॉम्बवर्षावातल्या बार्सेलोनाला जाऊन आले. स्पेनमध्ये काम केलेले डॉ. अटल त्याच वर्षी चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले, आणि आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस त्याच पथकातले.

पुन्हा मूळ मुद्दा. मार्च १९३८ मध्ये फ्रान्सने सीमा उघडली, माल आला. जूनमध्ये ती परत बंद झाली. जुलैच्या २५ तारखेला प्रजासत्ताकाने एब्रो नदी ओलांडून सर्वांत मोठा हल्ला केला. म्हणजे नळ बंद झाल्यावर टाकी रिकामी करायला घेतली. नदीच्या वरच्या अंगाची धरणं फ्रँकोच्या ताब्यात; त्याने दारं उघडली, पूल वाहून गेले. रात्री बांधायचे, दिवसा विमानं तोडायची. पायदळ गांदेसाच्या वेशीवर पोचलं तेव्हा त्याच्या तोफा आणि रणगाडे अजून नदीपलीकडेच होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा नकाशा काढायला लावायचो आणि विचारायचो, तुम्ही पहिल्या रात्री पुलावरून आधी काय नेलं असतं?

नेग्रीनची बाजूही समजून घ्यायला हवी. युरोपात मोठं युद्ध पेटणारच. तोवर तग धरली की इंग्लंड-फ्रान्सला आपल्या बाजूने यावं लागेल, हा त्यांचा हिशेब. चुकला तो काही महिन्यांनीच. पण ३० सप्टेंबर १९३८ ला म्युनिकला इंग्लंड-फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला दिला आणि तो हिशेब संपला.

आणि भूक. पहिल्या वाटणीतच गव्हाचा बराचसा मुलुख, जुना कास्तिल, बंडखोरांकडे गेला होता. मोठी शहरं, म्हणजे खाणारी तोंडं, प्रजासत्ताकाकडे; त्यात निर्वासितांची भर. माद्रिदमध्ये रोज मसूर. लोक त्याला 'डॉक्टर नेग्रीनच्या गोळ्या' म्हणायचे, कारण नेग्रीन पेशाने वैद्यकशास्त्राचे. ऑक्टोबर १९३८ मध्ये फ्रँकोच्या विमानांनी माद्रिदवर बॉम्बऐवजी पांढरे पाव टाकले. पुरवठ्याच्या माणसाला याहून क्रूर हल्ला सुचणार नाही. सरकारी पेसेता कोणी घेईना, शेतकरी धान्य लपवायला लागला. वस्तुविनिमय सुरू झाला. जिथे नोट चालत नाही तिथे सरकारचा हुकूमही फार काळ चालत नाही.

२६ जानेवारी १९३९ ला बार्सेलोना गेलं. जवळपास पाच लाख माणसं बर्फातून फ्रान्सकडे चालत निघाली. २७ फेब्रुवारीला इंग्लंड-फ्रान्सने फ्रँकोला मान्यता दिली. मार्चमध्ये कर्नल कासादोने, म्हणजे प्रजासत्ताकाच्याच अधिकाऱ्याने, नेग्रीनविरुद्ध बंड केलं. सन्माननीय तह मिळेल अशी त्याला आशा होती. माद्रिदमध्ये आपलेच आपल्यांशी आठवडाभर लढले. फ्रँकोने तह वगैरे काही दिला नाही. २८ मार्चला त्याची फौज शहरात चालत शिरली.

त्याच दिवशी आलिकान्तेच्या बंदरात 'स्टॅनब्रुक' नावाचं एक जुनं इंग्रज कोळशाचं जहाज उभं होतं. ते आलं होतं संत्री, तंबाखू आणि केशर भरायला. कप्तान आर्चिबाल्ड डिक्सन यांनी धक्क्यावरची गर्दी पाहिली, माल सोडून दिला आणि सुमारे २,६०० माणसं चढवली. डेकवर उभं राहायला जागा नव्हती, जहाज पाण्यात खूप खाली बसलं होतं. ते अल्जेरियातल्या ओरानला पोचलं. मागे धक्क्यावर आणखी हजारो उभे होते, सुटकेसा घेऊन, पुढच्या जहाजाची वाट पाहत. ३० तारखेला इटालियन तुकड्या शहरात आल्या तेव्हाही ते तिथेच होते.